किल्ली ठेवाल का जरा?

कोथरूडमध्ये एप्रिल उजाडला की वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठतात. हातात पन्ह्याचा तांब्या असतो. "मुलाकडे निघालोय, न्यू जर्सीला. किल्ली ठेवाल का जरा?" इथे चुकूनही नाही म्हणू नका. 'जरा' म्हणजे किती, तेही विचारू नका. तिकडे साधारण 6 महिने राहू देतात आणि आपली माणसं मिळालेली मुदत वाया घालवत नाहीत.

किल्लीबरोबर तुळस, अकरा कुंड्या आणि मनी येते. "मांजर काय, तिचं ती बघते," असं म्हणत काकू पाठपोट लिहिलेले फुलस्केपचे तीन कागद हातात ठेवतील. मनीच्या आवडीनिवडी त्यात सविस्तर असतील. पाण्याचा मेन कॉक कुठे आहे, तेवढं नसेल.

पहिले दोन दिवस मनी माळ्यावर बसून अन्नाला शिवणार नाही. आपण पेपर वाचावा. भूक लागली की येईल झक मारत! दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर मांजराच्या यकृतात चरबी साचते, जिवावरही बेततं, असं डॉक्टर म्हणतात खरं. पण ते आपल्याला चतुर्थीचं जेवणही बंद करायला सांगतात. मनीचं अंग गरम लागलं तर घरात पॅरासिटामॉल आहेच. अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकतं, म्हणजे औषध किती जालीम! दूध मात्र भरपूर पाजा. मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही, हे दुसऱ्या दिवशी काकूंचा गालिचा सांगेलच.

आता पाणी. 'गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' हे पेपरात आलं की गुरुवारीच कुंड्या आठवाव्यात. बाल्कनीतला नळ सोडावा, थेंब पडत नाही म्हणून वैतागावं आणि तो तसाच ठेवून कुलूप लावावं. मी हे करून पाहिलंय. शुक्रवारी पाणी उशिराच आलं. कमी दाबाने मात्र नाही. बाल्कनीच्या जाळीत जास्वंदीची पानं अडकली होती, म्हणून ते उंबरा ओलांडून हॉलमध्ये शिरलं आणि खालच्या आजोबांच्या छतावर महाराष्ट्राचा नकाशा काढून गेलं, कोकणासकट. आजोबा तावातावाने वर आले तेव्हा मी लेंगा खोचून पाणी काढत होतो आणि मनी सोफ्याच्या पाठीवरून देखरेख करत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला व्हिडिओ कॉल. तिकडे रात्रीचे 8 वाजलेले, जेवणं आटोपलेली. "मनीला दाखवा ना!" मनीने पाठ दाखवली. काकूंची नजर खाली गेली. "अगंबाई, फरशी किती चकचकीत! रोज पुसता वाटतं?"

अशा वेळी हो म्हणावं.

ऑक्टोबरात मंडळी परततात. तुम्हाला बदामाचं पाकीट मिळतं आणि "मनी वाळली हो जरा" हे ऐकायला मिळतं. मी किल्ली पुढे केली, तर काकूंनी माझी मूठच मिटली.

"राहू दे तुमच्याकडेच. पुढच्या वर्षी धाकटीकडे जायचंय, सिडनीला."