तेरापैकी तेरा जिंकून बाहेर!

डिसेंबर आला की माझं डोकं सणकतं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या प्लेऑफची, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम फेरीची, यादी मैदानावर ठरत नाही, निवड समितीच्या बंद खोलीत ठरते! २०२३ ची आमची फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाची टीम आठवा. १३ पैकी १३ सामने जिंकले, एसीसी या आपल्या गटाचं विजेतेपद घेतलं, तरी प्लेऑफच्या चार संघांत जागा नाही. अलाबामा एक सामना हरून आत. कारण काय, तर क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडलाय! अहो, त्याच्याविनाही पोरांनी फ्लोरिडा विद्यापीठाला हरवलं. लुईव्हिलविरुद्ध तर पहिल्या वर्षाचा पोरगा उतरवून १६-६ ने जिंकले. अजून काय करायचं होतं? पाय आधीच मोडला असता तर बरं, संघ माझ्या एकट्यावर नाही हे तरी दिसलं असतं, असं ट्रॅव्हिसनं त्या दिवशी लिहिलं. वाचून घशात आवंढा आला. त्या पोरावर ही वेळ यावी?

२०२४ पासून प्लेऑफमध्ये बारा संघ झाले. खोड तीच. २०२५ मध्ये मायामीनं पहिल्याच सामन्यात नोत्र दामला २७-२४ ने हरवलेलं, तरी समिती आठवडेच्या आठवडे क्रमवारीत नोत्र दामला मायामीच्या वर ठेवत राहिली. आणि शेवटच्या आठवड्यात, दोघांपैकी कुणीच खेळलेलं नसताना, क्रम उलटा! तो निकाल काय डिसेंबरात कळला यांना?