टायगरवरचं झिमेरिट: हाताने की तयार शीटने?

नमस्कार. एवढं बारकाईने पाहून लिहिलंत, तर उत्तरही नीट द्यायला हवं. तामियाच्या 1/35 टायगर-1 वर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन रणगाड्याच्या मॉडेलवर (पोलादी चाकांचा शेवटचा प्रकार), मी पुटीने केलेल्या झिमेरिटबद्दल, म्हणजे खऱ्या रणगाड्यावरच्या रेघांच्या लेपाबद्दल, तुमचे आक्षेप असे: रेषा उथळ आणि वेड्यावाकड्या आहेत, रेझिनचं तयार शीट लावायला हवं होतं, छत कोरंच राहिलंय, आणि लेप उडालाय तिथे पोलाद चंदेरी दिसायला हवं.

आधी जाडी. चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून दिलेला हा लेप साधारण 5 मिमी जाडीचा. 35 ने भागा, 0.14 मिमी येतात. झेरॉक्सचा कागद 0.1 मिमीचा असतो, म्हणजे दीड कागद. रेझिनचं शीट इतकं पातळ क्वचितच मिळतं. कडेला त्याची पायरी दिसते आणि बुरूज फुगल्यासारखा वाटतो. रेषांची उथळता मला म्हणूनच हवी आहे. वेडेवाकडेपणाही तसाच. कारखान्यात कामगार हातातल्या दातेरी पत्र्याने ओल्या लेपावर पट्टे ओढत. टायगरवर आडव्या रेषांचे उभे पट्टे शेजारी-शेजारी येतात आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यात रेषा जुळत नाहीत. ही न जुळणारी शिवणच खरी ओळख.

शीट सोडून हाताने करायचं असेल तर: प्लॅस्टिक 400 च्या सँडपेपरने खरवडा, नाहीतर पुटी पापुद्र्यासारखी सुटते. इपॉक्सी पुटीचे दोन्ही भाग समान घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा. पाण्यात बुडवलेल्या पात्याने इतकी पातळ पसरा की खालच्या प्लॅस्टिकचा रंग जेमतेम झाकला जाईल. मग थांबा. बोट लावल्यावर ठसा उमटतो पण पुटी बोटाला येत नाही, ती वेळ साधायची. रेझर-सॉच्या पात्याचा 5 मिमी तुकडा दर वेळी पाण्यात बुडवून दाबायचा, ओढायचा नाही; ओढलात की रेषा सलग लांबत जातात आणि शिवण हरवते. दातांचं अंतर अंदाजाने घेऊ नका. खऱ्या रणगाड्याच्या फोटोत हलच्या (धडाच्या) बाजूच्या उंचीत किती रेषा बसतात ते मोजा आणि त्यावरून पातं निवडा. पुटी फार ओली असेल तर पात्याबरोबर उचलून येते, वाळलेली असेल तर रेषांच्या कडा भुगा होतात. मे महिन्यात पुण्या-मुंबईत ही मधली वेळ झपाट्याने निघून जाते, तेव्हा एका वेळी एकच बाजू घ्या. एम-सील वापरू नका: ते लवकर घट्ट होतं आणि त्याचा कण जाड आहे.

ओढायच्या तारेचे क्लॅम्प आणि ट्रॅकच्या सुट्या कड्यांचे हुक जिथे बसतात तिथे त्याच आकाराचा मास्किंग टेपचा तुकडा आधीच चिकटवा आणि पुटी ओली असतानाच काढा. नाहीतर भोकं बुजतात आणि भाग लेपावर तरंगतात.

छत मुद्दाम मोकळं आहे. सुरुंग घेऊन आलेल्या सैनिकाचा हात उभ्या भिंतींपर्यंत पोचतो; टायगरच्या छताला लेप देत नसत. एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेल्या, आता इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात असलेल्या टायगर क्रमांक 131 वर तर झिमेरिट मुळीच नाही, कारण ते नंतर सुरू झालं. संदर्भासाठी तो फोटो समोर ठेवून काम करणारे इथेच फसतात. सप्टेंबर 1944 मध्ये लेप बंद झाला, पण टायगर-1 चं उत्पादन त्याआधीच संपलं होतं, म्हणून या शेवटच्या प्रकारावर लेप हवाच.

चंदेरी रंगाबद्दल मी ठाम असहमत आहे. लेप प्रायमरवर, म्हणजे रंगाच्या पहिल्या हातावर, दिला जाई. तो उडाला की तुटलेल्या कडेला लेपाचा स्वतःचा पिवळसर रंग आणि आत तांबडा प्रायमर दिसायला हवा. चंदेरी फार तर गोळी लागून पोलादच खरवडलं गेलं तिथे. पुटी अर्धवट घट्ट असताना चाकूच्या टोकाने खपली उचला. पूर्ण वाळल्यावर कोरलीत तर कडा गुळगुळीत येते आणि खोटी वाटते.