गळा व्हिटनीचा, गाणं डॉलीचं

'आय विल ऑलवेज लव्ह यू' या गाण्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर तुम्हालाही आला असेल. अमेरिकन गायिका डॉली पार्टननं प्रियकराच्या विरहात लिहिलेलं हे गाणं म्हणे पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टननं गाईपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याआधी हे गाणं गाऊ पाहणाऱ्या रॉक गायक एल्विस प्रेस्लीला नकार देऊन डॉलीनं मूर्खपणा केला, आणि शेवटी व्हिटनी मालामाल, डॉली कोरडीच.

कुणाला ठाऊक नव्हतं? १९७४ साली डॉलीच्याच आवाजात ते अमेरिकेच्या कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण वळणाच्या, संगीताच्या लोकप्रियता यादीत पहिलं आलं. १९८२मध्ये तिनं एका चित्रपटासाठी ते पुन्हा गायलं, तेव्हाही पहिलं. व्हिटनीचं आलं १९९२मध्ये.

प्रियकर तर यात कुठेच नाही. १९६६पासून डॉली विवाहित होती. हा निरोप आहे कंट्री गायक पोर्टर वॅगनरला. त्याच्या टीव्ही कार्यक्रमात ती १९६७पासून गात होती. तिला स्वतःची वाट धरायची होती, तो सोडायला तयार नव्हता. वाद घालून काही होईना, तेव्हा तिनं गाणं लिहिलं आणि त्याच्यासमोर बसून म्हटलं. तो रडला आणि जा म्हणाला.

एल्विस हे गाणं गाणार म्हणून डॉली हरखलीच होती. पण ऐनवेळी त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर म्हणाला, गाण्याचे निम्मे प्रकाशनहक्क, म्हणजे कमाईतला प्रकाशकाचा निम्मा वाटा, आम्हाला हवेत. डॉली नाही म्हणाली आणि रात्रभर रडली, असं तिनंच सांगितलंय. मला तरी यात मूर्खपणा दिसत नाही.

कारण पैशाची खरी मेख इथेच आहे. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की मानधन मिळतं ते लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला, गाणाऱ्याला नाही. व्हिटनीचं गाणं 'बिलबोर्ड' या संगीत नियतकालिकाच्या मुख्य लोकप्रियता यादीत १४ आठवडे पहिलं होतं. म्हणजे रेडिओवर ते जितक्या वेळा लागलं, तितक्या वेळा पैसे डॉलीच्या खात्यात. खपलेल्या प्रत्येक तबकडीमागेही तिचा वाटा होताच. पार्करला होकार दिला असता, तर यातला प्रकाशकाचा निम्मा वाटा गेला असता.

त्या पैशातून एल्विसचा ग्रेसलँड वाडासुद्धा विकत घेता आला असता, असा विनोद डॉली करते. घेतली मात्र नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीतली दुकानांची एक इमारत. व्हिटनीही कृष्णवर्णीय; 'हे व्हिटनीनं बांधलेलं घर', असं डॉलीनं २०२१मध्ये सांगितलं.