वखारीतल्या बायका आणि आमची आठवण

डिसेंबर आला की बेळगावात दोन गोष्टी ठरलेल्या. सुवर्ण सौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरणार आणि सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारली जाणार. दुसऱ्या दिवशी मराठी पेपरांचं पहिलं पान त्याचंच. त्याच आठवड्यात सौधच्या जवळच्या माळावर मांडवात अंगणवाडीच्या, आशाच्या बायका चादरी अंथरून बसलेल्या असतात. त्यांची बातमी आतल्या पानांत हुडकावी लागते.

सीमालढ्याला मी नावं ठेवत नाही. आमच्या घरात 17 जानेवारी, सीमालढ्याचा हुतात्मा दिन, पाळली जाते. आजोबा 1 नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, दंडाला काळी फीत बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. पण चळवळ म्हटली की आपल्याला तेवढीच आठवते, हे मला खटकतं. कारण त्याच घरात आजीही होती, आणि ती निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची.

वखार आतून पाहिलेली माणसं आता कमी राहिलीत. तंबाखू कुटायची, चाळायची, काड्या वेगळ्या काढायच्या. पिवळट धूळ इतकी, की समोरची बाई दिसायची नाही. नाकातोंडावर पदर गच्च बांधायचा, तरी ठसका लागायचाच. घरी आल्यावर आजी दोन-दोनदा हात धुवायची, राखेनं घासायची, आणि तरी तिच्या हातची भाकरी कडू लागायची. आम्ही पोरं तोंड वाकडं करायचो. ती काही बोलायची नाही, भाकरी थापायचं काम आईकडं द्यायची आणि स्वतः चुलीपुढं जाळ घालत बसायची. हे आता आठवलं की लाज वाटते.

1980 च्या सुमाराला या बायका उठल्या. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांचे सहकारी संघटना बांधत होते, हे सगळ्यांना माहीत आहे. मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ज्या बाईनं मुकादमापुढं मान वर केली नव्हती, ती शेजारणीच्या दारात जाऊन "चल गं सभेला" म्हणायला लागली. नवऱ्याची शिवी खाऊन, पोरगं काखेत मारून. युनियन बायकांनी अशी दारोदार हिंडून उभी केली. 1982 साली बंगळुरूच्या काही बायकांनी त्यांच्यावर माहितीपट केला. आपण काय केलं? मला तरी काही आठवत नाही.

आणि भाषा? वखारीत मराठी होती, कन्नड होती, आणि दोन्हींची मिसळ होती. आजी सांगायची, मोर्चात एक ओळ 'बेके बेकु, न्याय बेकु' (हवाच हवा, न्याय हवा) ओरडायची आणि मागची ओळ 'घेतल्याशिवाय राहणार नाही' म्हणायची. सीमाप्रश्न ऐन भरात असलेल्या त्या गावात हे चाललं होतं. पगार कन्नडमध्ये कमी आणि मराठीत जास्त असा नव्हता ना!

पुढं 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगळुरू हमरस्ता अडवला. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्यांना आपण विसरलो नाही, ते बरंच आहे. पण शेतकऱ्याला भाव पाडून मागणारा व्यापारी आणि वखारीतल्या बाईची मजुरी दाबणारा मालक बहुतेक वेळा एकच होता. आपल्या आठवणीत मात्र अर्धीच गोष्ट राहिली.

वखारीत आणि विडीच्या सुपापुढं बसणाऱ्यांत गळ्यात लाल-पांढरे मोती असलेल्याही कितीतरी होत्या. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या, म्हणजे देवदासी. कर्नाटकात देवदासी प्रथेविरुद्ध 1982 साली कायदा झाला, पण नुसत्या कायद्यानं मोती कुणाचेच सुटले नाहीत. चिकोडी तालुक्यातल्या कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी स्वतः लहानपणी सोडल्या गेलेल्या. त्यांनी आपल्यासारख्या हजारो बायकांना गोळा केलं, 2018 साली पद्मश्री मिळवली. किती मराठी घरांत त्यांचं नाव ठाऊक आहे? त्या कन्नड म्हणून ठाऊक नाहीत, की देवदासी म्हणून, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

(जाता जाता: एप्रिल 1925 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती. शंभर वर्षं झाली. गावातल्या दहा जणांना विचारून बघा.)

मागच्या महिन्यात एका सत्काराला गेले होते. व्यासपीठावर अकरा खुर्च्या, अकराही पुरुष. जुन्या कामगार बायका खाली सतरंजीवर. निवेदक म्हणाला, "आपल्यात काही माताभगिनीही उपस्थित आहेत." माझ्या शेजारच्या म्हातारीनं कोपर मारलं. "व्यासपीठावरचा तो मधला बघ. मोर्चात कुठं हुता गं ह्यो?"

मी तिचं नाव विचारलं. ती हसली. "नाव काय करतीस? हजेरीला सगळ्या 'ए बाई'च हुतो." मग सांगितलं तिनं. स्वतःचं, आणि बरोबरच्या नऊ जणींचं. त्यातल्या तिघीच आता हयात आहेत.

अशा नावांची वही केली आहे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कागल, कुठंही तुमच्या घरात अशी आजी, मावशी, अक्का असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. कन्नड बोलणारी असली तरी चालेल, माझ्या जावेला चांगली येते. रविवारी दुपारनंतर मी मोकळी असते.