‘मग शेवटी शालूचं काय झालं?’

नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ सिनेमा येऊन दहा वर्षं उलटून गेली, तरी विषय निघाला की कुणीतरी हे विचारतंच. डोकं उठतं! अरे बाबांनो, खालच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या, शालूवर जीव जडलेल्या जब्यानं शेवटी दगड भिरकावला, तो सरळ पडद्यावर आला, अंधार झाला. आणि तुम्हाला अजून प्रेमकहाणीचा निकाल हवाय? वर ‘शेवट अर्धवट सोडलाय, दुसरा भाग येणार का?’ हेही आहेच.

दुसरी जमात याहून डोक्यात जाणारी. ‘तो दगड ना, व्यवस्थेवर आहे.’ व्यवस्थेवर! म्हणजे आपण सोडून बाकी सगळ्यांवर. जब्याच्या घरच्यांची डुक्कर पकडायची धावपळ चालू असताना कठड्यावर बसून खिदळणाऱ्या पोरांबरोबर आपणही थिएटरात हसलो होतो, हे सोयीस्कर विसरायचं.

आणि जब्याच्या बापाला, कचरूला, ‘खलनायक बाप’ ठरवणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. डुक्कर हाताशी आलेलं, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, जब्या ताठ उभा राहतो, नाइलाजानं बापही थांबतो, डुक्कर पसार. त्या क्षणी कचरू झालेल्या किशोर कदमांचा चेहरा बघितलात का कधी? पोरीच्या लग्नासाठी गावाची मिन्नतवारी करणारा माणूस पोरावर खेकसणार नाही तर काय पाटलावर खेकसेल? डुक्कर काठीला बांधून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले आहेत. ते दिसत नाहीत कुणाला. सगळ्यांचं लक्ष, शालू वश व्हावी म्हणून जब्या शोधत होता ती काळी चिमणी सापडली का, यावर!