आलेन्तेजूला दोन दिवस पुरत नाहीत

पोर्तुगालचा आलेन्तेजू किनारा मोटारीने दोन दिवसांत उरकावा, हा एका प्रवासलेखातील सल्ला आम्हा गोव्याच्या फोंडेकरांना पटला नाही. उजव्या बाजूने गाडी हाकण्याची सवय होण्यातच आमचा पहिला दिवस गेला. काबू सार्दांव या तिथल्या भूशिराच्या कड्यावर मात्र आम्ही दोन तास बसून होतो. खाली लाटा फुटत असताना समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांवर पांढरे करकोचे काटक्यांच्या घरट्यांत पिलांना भरवत होते. आतल्या रस्त्याला बुचाच्या ओक वृक्षांवर पांढरे आकडे दिसतात. या झाडाची साल साधारण ९ वर्षांनीच काढता येते, म्हणून ती सोलल्या वर्षाचा शेवटचा अंक खोडावर रंगवून ठेवतात. आपला ‘सुशेगाद’ (निवांत) हा शब्द पोर्तुगीजमधून आल्याचे ठाऊक होते, पण भर दुपारी गावातल्या एकुलत्या एका खाणावळीचे दार बंद पाहून तो (उपाशीपोटी) नीट उमगला.