शब्दाचं मूळ, डोक्याला शूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्या यादीत इंग्रजी शब्दाचं मूळही घालायला हवं होतं. ते एकदा कळलं की धड बोलता येत नाही.

"गॅस संपला" अशी आतून हाक आली की शहाणी माणसं नंबर लावायला फोन शोधतात. माझ्या डोक्यात केऑस. १७व्या शतकात व्हान हेल्माँट या फ्लेमिश रसायनज्ञानं त्या ग्रीक शब्दावरून 'गॅस' बेतला. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात केऑस म्हणजे सगळ्याच्या आधीची आ वासलेली पोकळी; गोंधळ हा अर्थ मागाहूनचा. म्हणजे रिकाम्या सिलिंडरलाच हा शब्द खरा शोभतो. फक्त हे त्या क्षणी स्वयंपाकघरात बोलून दाखवू नये.

सगळ्यात छळतो तो 'मेंटर'. हल्ली ऑफिसात नवा माणूस आला की त्याला एक मेंटर नेमून देतात. मूळचा मेंटॉर 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यातला. त्याचा नायक, इथाका बेटाचा राजा ओडिसियस, ट्रॉयच्या लढाईला निघाला तेव्हा घरदार या मित्राच्या भरवशावर टाकून गेला. वीस वर्षांनी परततो तर बायकोला मागणी घालणारे वाड्यात ठिय्या देऊन बसलेले! मुलगा टेलेमॅकस त्याला बेटागणिक हिशेब देतो : ५२, २४, २० आणि घरच्या इथाकाचे १२. एकूण १०८, जपमाळ पुरी. रोज याचीच डुकरं कापायची, याचीच वाइन ढोसायची. मेंटॉर काय करत होता? भर सभेत एकदा बोलला, तर त्यालाच गप्प बसवलं. पुढचे कामाचे सल्ले दिले ते त्याचं रूप घेतलेल्या अथेना देवीनं. त्यामुळे "हे तुमचे मेंटर" असं कुणी म्हटलं की आत अथेना आहे का, ते मी आधी न्याहाळतो.

उघडताच जगभर संकटं सुटली ती पांडोराची पेटीही पेटी नव्हेच, तो धान्य-तेलाचा मातीचा रांजण होता. १६व्या शतकात इरॅस्मस या विद्वानानं लॅटिनमध्ये लिहिताना त्याची डबी केली. आणि ट्रोजन? ट्रॉय शहरात शिरायला लाकडी घोड्याच्या पोटात लपले होते ते ग्रीक. ट्रोजन, म्हणजे ट्रॉयचे लोक, बिचारे घोडा ओढून आत घेणारे. त्यामुळे अँटिव्हायरस "ट्रोजन सापडला" म्हणतो तेव्हा खरा ट्रोजन नको ती अटॅचमेंट उघडून खुर्चीत बसलेला असतो.

एवढं चालवून घेता येतं. पण मेन्यूकार्डावर 'टँटलायझिंग', म्हणजे जीभ चाळवणारं, असं दिसलं की संपलं. हा शब्द ज्याच्यावरून आला तो ग्रीक पुराणातला टँटॅलस हनुवटीपर्यंत पाण्यात उभा आहे, वाकला की पाणी ओसरतं, हात उंचावला की वारा फळं वर उडवतो, हे सगळे सांगतात. ही शिक्षा कशाबद्दल, ते कुणी सांगत नाही. एका प्रसिद्ध कथेप्रमाणे, त्यानं पोटच्या पोराला, पेलॉप्सला, शिजवून देवांच्या पंगतीत वाढलं. बाकीच्यांनी ओळखून हात मागे घेतला. स्वतःच्या हरवलेल्या मुलीच्या दुःखात बुडालेल्या डिमिटर देवीनं मात्र खांद्याचा तुकडा खाल्ला. मुलगा पुन्हा जिवंत झाला, पण खांदा हस्तिदंती बसवावा लागला.

म्हणून 'टँटलायझिंग मटण' वाचलं की मी पिठलं-भाकरी सांगतो.